फुलपाखरं हवीत, मग अळ्यांना का मारता?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बटरफ्लाय बुशवर आलेलं पान वाचलं. फोटो मस्तच होते, जांभळ्या तुऱ्यांवर फुलपाखरांची गर्दी, आणि खाली लिहिलेलं की बागेत एवढं एक झुडूप लावा नि अंगण फुलपाखरांनी भरून टाका. आमच्या देवगडात त्या पानाने असा काही धुमाकूळ घातलाय की विचारू नका, महिला मंडळाच्या ग्रुपवर फोटो फिरतोय, गणपतीला मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला ऑर्डर गेलीय की येताना रोप घेऊन ये, आणि एकीने तर परदेशातल्या मुलीला बी पाठवायला सांगितलंय. म्हणून हे पत्र. झुडपाला माझा विरोध नाही, कोणाला हौस असेल तर लावावं, पण कोकणच्या पावसात ते जगवायचं कसं आणि फुलपाखरू नेमकं कशावर जगतं हे त्या पानात राहूनच गेलंय आणि इकडच्या माणसाला नेमकं तेच हवंय.

आधी त्या झुडपाविषयी. बुडलेजा डेव्हिडी हे त्याचं शास्त्रीय नाव, मूळचं मध्य चीनच्या डोंगरातलं, तिकडे ते नदीकाठच्या दगडगोट्यांत आणि मुरमाड उतारावर वाढतं. त्यातलं डेव्हिडी हे आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्यावरून पडलं, माणूस धर्मप्रचाराला म्हणून चीनला गेला आणि झाडं नि प्राणी गोळा करत फिरला, पांडा हा प्राणी १८६९ मध्ये युरोपला त्यानेच पहिल्यांदा कळवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे झुडूप तिकडच्या बागांमध्ये पोचलं आणि तिथून बागेबाहेर पडलं. माझा भाचा इंग्लंडात असतो, तो सांगतो की रेल्वेच्या रुळांच्या कडेने, बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात, जुन्या भिंतींच्या भेगांत सगळीकडे हेच. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले त्या ढिगाऱ्यांवरसुद्धा हे रान माजलं होतं. बी इतकं बारीक की वाऱ्यावर, चालत्या गाडीच्या मागे उडत जातं, आणि मोठ्या झुडपाला ते लाखांनी धरतं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने त्याला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय, न्यूझीलंडमध्ये लागवडीच्या जंगलांत नि नदीच्या पात्रांत त्याने उच्छाद मांडलाय. पुरवणीतल्या पानावर यातलं एक अक्षर नव्हतं.

तिकडे त्याची निगा एकदम सोपी आहे. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून थंडी सरता सरता अख्खं झुडूप गुडघ्याएवढं छाटून टाकायचं, अगदी निर्दयपणे, आणि तेच झुडूप उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावरून जातं, वीतभर लांब तुरे, मधाचा वास, दिवसभर ऊन पाहिजे, पाणी मुळाशी साचता कामा नये. तुरा सुकला की कापायचा म्हणजे बी उडत नाही आणि बाजूने नवे तुरे येत राहतात.

आता आमच्याकडे या. लंडनला वर्षभर भुरभुर होऊन पाऊस पडतो तो ६०० मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे २५०० ते ३००० आणि तोही चार महिन्यांत, त्यातल्या आषाढात तर कधी कधी आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. माझ्या धाकट्या जावेने पुण्याच्या एका नर्सरीतून हे रोप आणून खळ्याच्या कडेला लावलं होतं. मार्च ते मे छान होतं, दोन तुरेसुद्धा आले, शेजारच्या काकी बघायला आल्या नि म्हणाल्या, ह्येका काय धरता गो? (आमच्याकडे कुठल्याही झाडाला हा प्रश्न पहिला.) मग मिरग लागला. जुलैत पानांवर डाग पडायला लागले, खालची पानं काळी पडून गळली, श्रावणात खोड हलवून बघितलं तर बुंध्याशी मऊ लागलं. उपटलं तर मुळं कुजलेली, वास येत होता. तिने नर्सरीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो पाणी जास्त घातलंत. अहो पाणी आम्ही नाही घातलं, वरून आलं!

पण जाऊ हट्टी आहे, तिने दुसरं रोप आणून मोठ्या कुंडीत लावलं आणि ते अजून आहे, म्हणून ज्यांना लावायचंच आहे त्यांच्यासाठी तिची रीत सांगते. कुंडीऐवजी अर्धा कापलेला ड्रम असला तरी चालेल, तळाला भोकं भरपूर, त्यावर जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे, मग माती, जाड वाळू आणि शेणखत असं भुसभुशीत मिश्रण. नुसती आमच्या परड्यातली लाल माती घालू नका, ती पावसात बसते आणि शिवाय आंबट असते, या झुडपाला थोडी चुनखडीची जमीन मानवते, म्हणून चिमूटभर विरलेला चुना. जून लागला की ड्रम पागोळीच्या आत घ्यायचा, पडवीच्या टोकाला, उजेड मिळेल पण पाऊस अंगावर येणार नाही असा. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की बाहेर काढून सगळ्या फांद्या मागे छाटायच्या, मग थंडीत नवी फूट येते आणि तिच्यावर तुरे. तिच्याकडे फेब्रुवारीत चांगले येतात. कंबरेच्या वर मात्र ते गेलं नाही, पुरवणीतल्या फोटोएवढं इथे होईल अशी आशा धरू नका, त्याला हवी तशी थंडी आम्ही कुठून आणणार.

विकत घेताना अजून एक बघा. बटरफ्लाय बुश या नावाने नर्सरीत भलतीसलती झाडं देतात. एकाने आमच्या ग्रुपमधल्या बाईला निळ्या-पांढऱ्या फुलांचं रोप दिलं, ज्याचं एकेक फूलच पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचं असतं. ते आफ्रिकेतलं आहे, दिसायला गोड आहे, पण बुडलेजा नव्हे. बुडलेजाचं पान लांबट, टोकदार, समोरासमोर दोन दोन, आणि खालून पांढुरकं लवदार असतं, ते उलटं करून बघा आणि मगच पैसे द्या.

आणि ती मुलीकडून बी मागवणारी बाई माझी मैत्रीणच आहे म्हणून हक्काने लिहिते. परदेशातून बॅगेत बी-रोप घालून आणणं हे कायद्यात बसत नाही, २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे त्याला परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. नियम फालतू आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने दारातून बाहेर पडून डोंगराकडे बघावं. घाणेरी कोणीतरी शोभेसाठीच परदेशातून आणली होती. आज ती कुठल्या जंगलात नाही सांगा. रानमोडी तर आमच्या कातळाच्या कडेला, पाणंदीला, कलमांच्या बागेत, जिथे दोन वर्षं कोयता फिरला नाही तिथे सगळीकडे, गुरं तिला तोंड लावत नाहीत, तिच्याखाली गवत उगवत नाही. आणि गंमत म्हणजे डिसेंबर-जानेवारीत रानमोडी फुलली की तिच्यावर फुलपाखरं ही गर्दी करतात! म्हणजे फुलपाखरं बसली म्हणजे झाड चांगलं हा हिशोबच चुकीचा आहे.

आता मुद्द्याचं. फुलावर फुलपाखरू येतं ते मध प्यायला. अंडी ते तिथे घालत नाही. बहुतेक जातींची मादी ठरलेल्या झाडांच्या पानांवरच अंडं घालते, कारण अंड्यातून निघणारी अळी तेवढीच पानं खाते, दुसरं दिलं तर उपाशी मरेल. बुडलेजाचं पान खाणारं आमच्या परड्यातलं फुलपाखरू मी तरी बघितलेलं नाही. म्हणजे हे झुडूप हायवेवरच्या हॉटेलासारखं आहे, येतील, खातील, जातील, पोरंबाळं काही तिथे वाढणार नाहीत. आजूबाजूच्या अळीच्या झाडांवर जर आपण फवारा मारत असू तर हॉटेलात गिऱ्हाईक येणार कुठून?

आणि अळीची झाडं विकत आणायची गरजच नाही, कोकणात ती दारात आहेत. आता कढीपत्ता घ्या. प्रत्येक घराच्या मागीलदारी न्हाणीच्या पाण्यावर एक कढीपत्ता असतोच. त्याच्या कोवळ्या पानावर नीट बघितलंत तर पक्ष्याची शीट पडल्यागत काळी-पांढरी चिकट काहीतरी दिसतं, बायका ते पान तोडून टाकतात. ती शीट नाही, ती लिंबावरच्या किंवा मॉरमॉन जातीच्या फुलपाखराची बाळ अळी आहे, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने ते रूप घेतलेलं असतं. चार वेळा कात टाकली की ती हिरवीगार होते, बोटाएवढी जाड, मानेजवळ डोळ्याची नक्षी. तिला काडीने हळूच टोचा, डोक्यामागून लाल किंवा नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि एक उग्र आंबूस वास सोडते. माझ्या नातवाला तो खेळ फार आवडतो, तो येता-जाता तिला टोचतो आणि मी ओरडते, कारण सारखं टोचून तीही दमत असेल बिचारी. मग एक दिवस ती कढीपत्त्याच्याच फांदीला किंवा शेजारच्या दगडी गडग्याला स्वतःला कंबरेशी रेशमाच्या एका धाग्याने बांधून घेते आणि कोश होतो. झाडाची काही पानं जातात हे खरं, पण आठवड्याभरात कढीपत्त्याला नवी फूट येते. फोडणीला चार पानं कमी पडली तर शेजारून मागा.

आपल्या राज्याचं फुलपाखरू, नीलवंत, इंग्रजीत ब्लू मॉरमॉन, महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. ते याच घराण्यातलं. काळेकुळकुळीत मोठे पंख, मागच्या पंखावर आभाळी निळा पट्टा. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, पपनसावर, रानातल्या माकडलिंबावर वाढते. पपनस आमच्या गणपतीवर फळं टांगतात त्या माटोळीला लागतं म्हणून तरी काही घरांत टिकून आहे, पण माकडलिंबू? काटेरी म्हणून तोडतात. राज्याचं फुलपाखरू म्हणून पोस्टरवर छापायचं आणि त्याचं झाड तोडायचं.

आंब्यावर आणि काजूवर बॅरन नावाच्या फुलपाखराची अळी असते. ही बघायला सुंदर आणि शोधायला महाकठीण. हिरवी चपटी, दोन्ही बाजूंना पिसासारखे पसरलेले काटे, पाठीवरून मधोमध एक फिकट रेघ. ती आंब्याच्या पानावर बरोबर मधल्या शिरेवर शिर जुळवून बसते, काटे पानाला चिकटवून, की पान हातात घेतलं तरी कळत नाही. कलम बांधणाऱ्या गड्याने मला पहिल्यांदा दाखवली. आणि मोठं झालेलं बॅरन मे महिन्यात काजूच्या गळलेल्या बोंडूंवर, फुटलेल्या फणसावर बसलेलं दिसेल, कारण त्याला फुलातला मध नको असतो, सडलेल्या फळाचा रस हवा असतो. म्हणजे कितीही जांभळी झुडपं लावली तरी ते त्यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही. काजूच्या बागेत कोपऱ्यात बोंडूंचा ढीग कुजायला ठेवा आणि दुपारी जाऊन बघा.

जुन्या रायवळ आंब्यावर बांडगूळ असतं. कलमांवरचं बांडगूळ काढायलाच हवं, झाड खाऊन टाकतं ते, त्यात वाद नाही. पण घराच्या मागच्या एखाद्या म्हाताऱ्या रायवळावरचं एक राहू दे, कारण हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, पंखाच्या खालच्या बाजूला पिवळा नि लाल रंग असणारं, आपली अंडी त्या बांडगुळाच्या पानावरच घालतं, एकदम पुंजक्याने, आणि अळ्याही एकत्र कळपाने राहतात. सोनचाफ्यावर, सीताफळावर, त्या सरळ उंच वाढणाऱ्या अशोकावर हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न ठरणारं ‘टेल्ड जे’ नावाचं फुलपाखरू येतं. पावसात भाजीला आणतो त्या टाकळ्यावर पिवळी छोटी फुलपाखरं वाढतात, म्हणजे सगळाच टाकळा उपटून भाजी करू नका, गडग्याच्या कडेचा राहू दे. कण्हेरीवर कॉमन क्रो, आणि त्याचा कोश तर बघाच एकदा, पानाखाली उलटा लटकलेला, चकचकीत चंदेरी, अगदी त्यात आपलं तोंड दिसेल इतका, मुलं म्हणतात कोणी दागिना टांगून ठेवलाय. रुई तर फुकट उगवते, मारुतीला पानं वाहून झाली की तिच्यावरच्या काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या राहू द्या.

आणि खुळखुळा! हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. ज्याच्या शेंगा वाळल्या की वाजतात तो. त्याची दोन-तीन झाडं पावसाच्या शेवटी कापून गडग्यावर उलटी टांगून वाळत ठेवा, निळ्या पट्ट्यांच्या टायगर आणि क्रो या फुलपाखरांचे नर त्यावर असे तुटून पडतात की हाताने उचलून घ्या. मधासाठी नाही, त्या झाडात एक विषारी कडू द्रव्य असतं, ते ओरपून नर त्यापासून मादीला भुलवणारा वास तयार करतात आणि अंग कडू झाल्यामुळे पक्षीही त्यांना टाळतात. एक पैसा खर्च नाही.

राहिला फुलांचा प्रश्न. मोठं, भरपूर फुलणारं झुडूपच हवं असेल तर आमच्याकडची पिटकुळी लावा, कोणी पेंटकूळ म्हणतात, नर्सरीत एक्झोरा. सड्यावर, कातळाच्या भेगांत ही जंगली उगवते, लहानपणी हिची लाल पिकलेली फळं खाल्ली नाहीत असं देवगडचं मूल नसेल. आमची आंबट लाल माती तिला हवीच असते (घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीत तिची पानं पिवळी पडतात, बुडलेजाच्या बरोबर उलटं). पावसात फांदी खोचली तरी लागते, सावकाश वाढते पण पुरुषभर उंच होते, आणि फुलांचे गेंद जवळजवळ वर्षभर. तिच्या फुलाची नळी लांब आणि बारीक असते, लांब सोंडेच्या मोठ्या फुलपाखरांनाच त्यातला मध पोचतो, म्हणून तिच्यावर नीलवंत येतं. ते पिताना नीट बसत नाही, पाय टेकवून पुढचे पंख सारखे फडफडवत असतं, सोंड आत आणि अंग थरथरतं, आणि एका गेंदावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतल्या प्रत्येक फुलात सोंड घालून बघतं, बाजारातल्या माझ्या सासूबाई आठवल्या मला. एक सूचना, हिला बुडलेजासारखी गुडघ्याएवढी छाटू नका, फूल फांदीच्या टोकाला येतं, टोकं कापलीत की बरेच दिवस वाट बघा.

दुसरी भारंगी. कोवळ्या पानांची नि फुलांची भाजी आमच्याकडे पावसात होते, कडवट असते, पण चव लागली की सुटत नाही. श्रावण-भाद्रपदात निळसर-जांभळे तुरे येतात, म्हणजे जांभळाच रंग हवा ज्यांना त्यांची सोय झाली. सावलीत चालते, पाऊस तिचं काही बिघडवू शकत नाही, कारण ती त्याच पावसातली. तिसरं म्हणजे नर्सरीवाले ज्याला पगोडा म्हणतात ते, नारिंगी-लाल फुलांचे एकावर एक मजले, हात हात लांब. तेही मूळचं आग्नेय आशियातलं, पण आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या घरांच्या कडेला आहे, ओलसर सावलीत मस्त वाढतं, फक्त मुळांवरून पिल्लं काढत पसरतं म्हणून कोपऱ्यात लावा नि दर वर्षी जादाची पिल्लं उपटून शेजाऱ्याला द्या. झेंडू लावणार असाल तर एकेरी पाकळीचा लावा, तो हजारी गोंडा देवाला छान पण त्यात मधापर्यंत पोचायला वाट नसते.

याशिवाय न्हाणीचं पाणी जिथे मातीत जिरतं ती जागा सिमेंट करून टाकू नका. सगळे हल्ली पेव्हर ब्लॉक बसवतायत, खळी गेली, शेणाने सारवणं गेलं, ठीक आहे, पायाला चिखल लागत नाही. पण ओल्या मातीवर बसून नर फुलपाखरं क्षार शोषतात, ऊन पडलं की एकेक करून येतात नि सोंड मातीत खुपसून ठाण मांडतात. हातभर जागा ओली ठेवलीत तरी पुरे.

फवारणीबद्दल लिहिताना जपून लिहिते कारण आमचीही कलमं आहेत. मोहोराच्या वेळी तुडतुडा आला आणि फवारलं नाही तर वर्षाचं पोट जातं, त्यामुळे बागेत औषध मारू नका असं सांगणारा माणूस आमच्या वाडीत टिकणार नाही. पण घराभोवतीचा कढीपत्ता, लिंबू, पपनस, चाफा, कण्हेर यांच्यावर तोच उरलेला पंप रिकामा करायची जी सवय आहे ती कशाला? त्याने उत्पन्न वाढत नाही. उरलेलं औषध म्हणून मारायचं, आणि तीच पानं आपण डाळीत घालतो हे कोणाच्या डोक्यात येत नाही. तसंच देवराईचं. जत्रा जवळ आली की ग्रास कटर घेऊन राईतलं खालचं सगळं रान साफ करतात, स्वच्छ दिसतं म्हणून. त्या रानातच सापसंदाची वेल असते, जिच्यावर सह्याद्रीतलं ते सगळ्यात मोठं काळं-पिवळं बर्डविंग फुलपाखरू अंडी घालतं. देवळाकडची वाट तेवढी साफ करा, बाकी राईला हात लावायची परवानगी देवाने कोणाला दिलीय?

आंबोलीच्या पायथ्याचं पारपोली आज फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं, लोक कॅमेरे घेऊन मुद्दाम येतात. तिथे कोणी चीनची झुडपं लावलेली नाहीत, तिथे रान शिल्लक आहे.

आपल्या पुरवणीला एवढीच विनंती की पुढचं पान कोकणच्या झाडांवर काढा. कुठल्या फुलपाखराला कुठलं झाड, ते कधी फुलतं, रोप कसं करायचं. आणि सरकारी रोपवाटिकांनीही पावसाळ्यात वाटायच्या रोपांत गुलमोहर नि शोभेचे पाम थोडे कमी करून पिटकुळी, भारंगी, माकडलिंबू, पपनस ठेवले तर लोक नेतील, आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या तर पहिल्याच दिवशी रांगेत असतील. माझ्याकडे पिटकुळीच्या फांद्या मी यंदा लावल्यात, बऱ्याच जगल्यात, गावातल्या कोणाला हव्या असतील तर घेऊन जावं.

कळावे, लोभ असावा.

आपली नेहमीची वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग

ता. क. : अळ्या राहू द्या म्हटलं म्हणजे सगळ्याच हातात घेऊ नका. शेवग्याच्या खोडावर जे केसाळ सुरवंट झुंडीने बसतात ते पतंगाचे, त्यांचे केस अंगाला लागले तर दिवसभर खाजवत बसाल, लहान मुलांना तिथून लांब ठेवा. लागलेच केस तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि साबणाने धुवा.